सुनसान वाट कुणाची?

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण गेली काही वर्षं स्पेनमध्ये राहते. मागच्या हिवाळ्यात तिचं लांबलचक पत्र आलं. पत्र म्हणायचं, आलं ते मोबाईलवरच. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून थोडं आत गिरोना नावाचं शहर आहे. तिथून समुद्रकाठच्या एका गावापर्यंत पूर्वी छोटी रेल्वे धावायची. ती १९६९ मध्ये बंद पडली. रूळ निघाले आणि त्या जागी आता सुमारे ४० किलोमीटरची वाट झाली आहे, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. डांबर नाही, बारीक खडी आणि दाबलेली माती. अशा वाटांवर चालवायला युरोप-अमेरिकेत खास सायकली निघाल्या आहेत. टायर जाड, हँडल खाली वाकवलेलं, आणि किंमत आपल्याकडच्या मोटारसायकलीएवढी. या प्रकाराला तिकडे 'ग्रॅव्हल' म्हणतात, म्हणजे चक्क खडी! २०२२ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. पहिली इटलीत झाली, आणि त्यात स्त्रियांची शर्यत १४० किलोमीटरची होती.

मैत्रिणीनं लिहिलं होतं, "तीन तास सायकल चालवली. वाटेत दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं आणि अधूनमधून एखादं शेतघर. तीन तासांत माणूस म्हणून भेटलं नाही. इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं."

हे पत्र मी औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका गावी किशोरींच्या बैठकीत वाचून दाखवलं. तिकडच्या बायका काय काय करतात ते ऐकून मुलींना हुरूप येईल, एवढाच माझा हेतू. मुली ऐकत होत्या. वाचून झाल्यावर एक जण म्हणाली, "ताई, तिला भेव नाही वाटलं?" आणि तिच्या शेजारची लगेच, "तीन घंटे रस्त्यानं माणूस नाही, आन् घरच्यांनी जाऊ दिलं?"

माझी मैत्रीण ज्या गोष्टीनं हरखून गेली होती, तीच गोष्ट ऐकून या मुलींच्या पोटात गोळा आला होता. रस्त्यावर कुणी नाही! एकीला त्यात मोकळेपणा दिसला, दुसरीला धोका. मैत्रिणींनो, त्या बैठकीपासून मी या एका शब्दाचा विचार करते आहे. सुनसान. सुनसान वाट कुणाची असते?

या मुलींनी तो प्रश्न का विचारला, ते सांगायला हवं.

त्यांच्या गावापासून हायस्कूल चार किलोमीटरवर. डांबरी रस्ता वळसा घालून जातो, म्हणून सगळे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठच्या रस्त्यानं जातात. कालव्याची देखभाल करणाऱ्या गाड्यांसाठी केलेला हा मुरमाचा रस्ता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं. उन्हाळ्यात चाकाखाली गिट्टी सरकते, वेड्या बाभळीच्या काट्यांनी ट्यूब पंक्चर होते. कालवा सोडून गावाकडे वळणारा शेवटचा अर्धा किलोमीटर काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरेनासं होतं. मुली दप्तरात कंपासपेटीसोबत एक चपटी काडी ठेवतात, माती उकरून काढायला. स्पेनमधल्या त्या महागड्या सायकलींना चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये जास्त जागा ठेवतात, का तर चिखल अडकू नये म्हणून. आमच्या मुलींकडे त्यासाठी काडी आहे. खडी, मुरूम, चिखल आणि शांतता, सगळं इथं आहे. फक्त ते कुणी हौसेनं निवडलेलं नाही.

सायकली मिळाल्या त्या मानव विकास कार्यक्रमातून. राज्यातल्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांमध्ये ही योजना आहे, आपल्या जिल्ह्यातही आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकल घ्यायला पैसे मिळतात. पूर्वी साडेतीन हजार मिळत, २०२२ मध्ये ती रक्कम पाच हजार झाली. या सायकलींचं मोल आम्हाला एसटीच्या संपात कळलं. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ गाड्या जवळजवळ बंद होत्या. आधीच करोनानं शाळा तुटलेली. त्या दिवसांत ज्या मुलींच्या दारात सायकल होती त्या शाळेत पोचल्या, बाकीच्यांचा भरवसा नव्हता.

गावातल्या नऊ मुली सायकलनं जात होत्या. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरचा महिना, तुरी डोक्याच्या वर गेलेल्या, पलीकडे ऊस उभा. मोटारसायकलवरची दोन पोरं त्यांच्या मागं येऊ लागली. तीन दिवस नुसतं मागं मागं, हॉर्न वाजवत. चौथ्या दिवशी त्यांनी गाडी आडवी घातली. दोन मुली पुढं होत्या, त्यांनी सायकली टाकल्या आणि तुरीतून पळत गाव गाठलं. बाकीच्या मागच्या मागं शाळेकडं वळल्या.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. पोरं शेजारच्याच गावची, कुणाची ते सगळ्यांना माहीत. पण चर्चा पोरांची झालीच नाही, चर्चा झाली ती मुलींची. कुणी म्हणालं, पोरंसोरं आहेत, वय आहे. कुणी म्हणालं, तक्रार केली तर आपल्याच लेकींचं नाव होईल. एका म्हाताऱ्यानं जुना सिद्धांत काढला की सायकलीनं मुलीच्या अंगात बिघाड होतो, पुढं लेकराबाळाला अडचण येते. (हा सिद्धांत फक्त आपल्या गावचा नाही बरं. १८९० च्या सुमाराला युरोप-अमेरिकेत बायका सायकलीवर बसू लागल्या, तेव्हा तिथले डॉक्टरही असंच सांगत. सायकल चालवणाऱ्या बाईचा चेहरा कायमचा ताठरतो आणि विद्रूप होतो, असा एक आजारच त्यांनी शोधून काढला होता!) निर्णय असा झाला की काही दिवस मुलींनी सायकलनं जाऊ नये.

आता माझा भाग सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही. मी त्या बैठकीला हजर होते. माझं मत विचारलं गेलं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "काही दिवस एकटीदुकटीला पाठवू नका." मला वाटलं, मी व्यवहाराचं बोलते आहे, मुलींच्या भल्याचं बोलते आहे. प्रत्यक्षात मी पारावरच्या निर्णयावर 'बाहेरून आलेल्या शिकलेल्या ताईचा' शिक्का मारला होता.

'काही दिवस' कधी संपलेच नाहीत. पाच मुली जीपनं जाऊ लागल्या, रोजचे वीस रुपये मोजून. चार मुलींच्या घरी ते वीस रुपये नव्हते. त्यांतली एक सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीला बसली. दोघी आईबरोबर निंदायला-खुरपायला जाऊ लागल्या. चौथीचं उन्हाळ्यात लग्न झालं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या नातेवाइकांच्या गावी नेऊन. ती अठराची व्हायला दोन वर्षं बाकी होती. आम्हाला कळलं तेव्हा अक्षता पडून आठ दिवस झाले होते. तिची सायकल तिच्या भावानं घेतली. हँडलला दुधाचा कॅन अडकवून तो रोज त्याच कालव्याच्या रस्त्यानं डेअरीवर जातो. त्याला कुणी विचारत नाही, एकटा कसा जातोस म्हणून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. शेजारच्या परभणीत ते ४८ टक्के आहे, आणि आपला जिल्हाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर आहे. आपण बालविवाहाची कारणं मोजतो तेव्हा हुंडा, दुष्काळ, ऊसतोडीचं स्थलांतर, गरिबी अशी नावं घेतो. ती खरीच आहेत. पण या यादीत चार किलोमीटरचा एक रस्ताही असतो, हे मला त्या मुलीनं शिकवलं. शाळा सुटली की मुलगी 'घरी बसलेली' होते. घरी बसलेल्या मुलीचं काय करायचं, याचं आपल्या समाजाकडे एकच उत्तर तयार असतं.

खरं तर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल पडला तो कुठं? वर्गात नाही, शाळेत जाता-येता, रस्त्यावर. म्हणून त्या बरोबर दुसरं लुगडं नेत, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुलींच्या शिक्षणाची लढाई पहिल्या दिवसापासून शाळेच्या वाटेवर लढली गेली. पुढं आपण शाळा मिळवल्या, फी माफी, गणवेश, पुस्तकं, सायकलीही मिळवल्या. वाट मात्र मिळवायची राहिली.

वाट मिळवता येते का? येते, असं सांगणारी दोन उदाहरणं आहेत.

पहिलं तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याचं. १९९१ मध्ये तिथं 'अरिवोळि इयक्कम' ही साक्षरतेची मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत या तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी साक्षरतेच्या कार्यक्रमात सायकल शिकणं घातलं. बाई शिकवायला किंवा शिकायला दुसऱ्या गावी जाणार कशी, हा साधा प्रश्न त्यामागं होता. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीच्या, आरोग्य खात्याच्या बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. १९९२ च्या महिला दिनानंतर दीड हजार बायका एकदम सायकली घेऊन पुदुक्कोट्टै शहरात उतरल्या होत्या. सत्तर हजारांहून अधिक बायकांनी जाहीर स्पर्धा-मेळाव्यांमधून सायकल चालवून दाखवली. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त पसंत पडल्या. का, तर पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं! पुरुषासाठी ठेवलेली दांडी बाईनं आपल्या कामाला लावली.

दुसरं उदाहरण बिहारचं. २००६ पासून तिथल्या सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. सर्वांत जास्त फरक कुठं पडला, तर जिथं शाळा तीन किलोमीटरहून दूर होती अशा गावांमध्ये. आणि या अभ्यासकांनी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. सायकली एकाच वेळी पुष्कळ मुलींना मिळाल्या, त्यामुळे त्या मिळून जाऊ लागल्या, मिळून गेल्यामुळे सुरक्षित राहिल्या, आणि रस्त्यानं मुलगी सायकलवर जाते याची लोकांच्या डोळ्यांना सवय झाली.

म्हणजे काय? पाच हजारांची सायकल एका घरात जाते तेव्हा ती वस्तू असते. पन्नास सायकली एका रस्त्यावर येतात तेव्हा रस्ता बदलतो. सुनसान वाटेवरचा धोका मुली घरी बसवून कमी होत नाही, उलट वाढतो. जी एखादी उरते तिच्यासाठी वाट आणखी सुनसान होते. रस्त्यावर बायका दिसणं हीच रस्त्याची सुरक्षितता. हे मी पारावर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मग आमच्या गावात पुढं काय झालं? सुरुवात माझ्यामुळं झाली नाही. जीपनं जाणाऱ्या एका मुलीची आई, शेतमजूर बाई, एके दिवशी बचत गटाच्या बैठकीत म्हणाली, "पोरगी एकली जाऊ नये म्हनता ना? मंग मला शिकवा सायकल. मी जाते तिच्यासंगं." सगळ्या हसल्या. पण ती मागं हटली नाही. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर लेकी आयांना शिकवू लागल्या. साडीचा काष्टा मारून, चपला बाजूला काढून. पडल्या, ढोपरं फुटली, नवऱ्यांनी टोमणे मारले. एका सासूबाईंनी तर तीन दिवस सुनेच्या हातचा चहा घेतला नाही. महिन्याभरात सहा जणींना सायकल आली.

त्यांनीच हिशेब मांडला. खुरपायला जायची वेळ साडेनऊ-दहाची, शाळेची साडेदहाची. दोघींची वाट एकच, परत यायची वेळही जवळपास एकच. मग एकत्रच का निघू नये? इतकं सोपं उत्तर आम्हाला एवढे दिवस सुचलं नव्हतं, कारण आम्ही 'मुलींची सुरक्षितता' हा एक विषय धरला होता आणि 'शेतमजूर बायका' हा दुसरा. आता सकाळी कालव्यावरून चौदा-पंधरा जणी निघतात, काही सायकलवर, काही डबलसीट. त्या नऊपैकी ज्या शिकत आहेत त्या आहेत, खालच्या वर्गांतल्या नव्या आहेत. हळद काढणीच्या दिवसांत तर रस्ता भरलेला असतो. ती दोन पोरं अजून त्याच भागात फिरतात. पण एवढ्या खुरपी-विळेवाल्या बायकांच्या मागं हॉर्न वाजवायची त्यांची छाती झालेली नाही.

मात्र बायकांनी पहारा द्यावा आणि पोरांना कुणी काही म्हणू नये, एवढ्यावर आपण समाधान मानायचं का? मुळीच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीचा लैंगिक हेतूनं वारंवार पाठलाग करणं हा पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम ११ खाली लैंगिक छळ आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्येही पाठलाग हा गुन्हा आहे. मुलींनी शाळेत, किशोरी गटात हे शिकलं पाहिजे, १०९८ हा क्रमांक त्यांना तोंडपाठ पाहिजे. आणि मुलांच्या बैठका घेणं आपण किती दिवस टाळणार? दुधाचा कॅन घेऊन जाणाऱ्या त्या भावाशी कुणीतरी बोललंच पाहिजे.

इथवर बहुतेक मैत्रिणी माझ्याशी सहमत होतील. यापुढचं म्हणणं मात्र काही जणींना पटणार नाही, असा माझा अनुभव आहे.

या उन्हाळ्यापूर्वी एका रविवारी अकरा मुली आणि पाच बाया सायकली घेऊन कालव्याच्या रस्त्यानं निघाल्या. सहा किलोमीटर गेल्या, एका पुलाजवळ झाडाखाली बसल्या, भाकरी-ठेचा खाल्ला, पाण्यात पाय सोडले, आणि परत आल्या. मीही होते. शाळा नव्हती, काम नव्हतं, बैठक नव्हती. जाताना भेटेल तो विचारायचा, "कुठं निघालात?" पहिल्या रविवारी आमच्यातल्या एकीनं पटकन सांगितलं, "औंढ्याला, नागनाथाला." देवाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येत नाही! दुसऱ्या वेळी कुणी "बचत गटाची मिटिंग" सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याच सायकल शिकायचा हट्ट धरलेल्या बाईनं पायडल न थांबवता उत्तर दिलं, "कुठंच नाही. फिरायलो."

या कार्यक्रमाबद्दल मी आमच्या एका शिबिरात सांगितलं, तेव्हा एक जुनी कार्यकर्ती, जिच्याबद्दल मला फार आदर आहे, मला म्हणाली, "अगं, बायकांना प्यायला पाणी नाही, हाताला काम नाही, पोरींची लग्नं लागताहेत, आणि तू सहली काढतेस? हे शहरातले चोचले." मी गप्प बसले. पण नंतर विचार केला. बाईनं रस्त्यावर असायला काहीतरी कारण लागतं. पाणी आणायला, सरपणाला, शाळेला, दवाखान्याला, देवाला. पुरुष पारावर, चहाच्या टपरीवर, पुलाच्या कठड्यावर तासन्‌तास बसतो, त्याला कारण लागत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांबद्दल २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं, त्यात हाच मुद्दा आहे. बाईला नुसती सुरक्षितता नको, विनाकारण हिंडायचा हक्क हवा. ते मुंबईपुरतं खरं आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, ते खेड्यात जास्त खरं आहे.

कारण असं बघा. ज्या मुलीला फक्त शाळेसाठी रस्त्यावर यायची परवानगी आहे, तिची शाळा संपली की रस्ताही संपतो. सायकल तिची नसतेच, ती शाळेची असते. परवानगी ही उसनी चीज, देणारा कधीही परत मागतो. चौथ्या दिवशी एक मोटारसायकल आडवी आली आणि सगळ्यांनी मिळून ती परत मागितली, त्यात मीही होते. उलट जी मुलगी रविवारी नुसती फिरायला जाऊन आली आहे, जिला तो पूल, ते झाड, कुठं खडी घसरते आणि कुठं उतार लागतो ते ठाऊक आहे, तिच्या मनात तो रस्ता तिचा झालेला असतो. आपली वस्तू कुणी घेऊ लागलं तर माणूस भांडतं. आनंद हा लढ्याला पर्याय नाही, हे मला कळतं. पण ज्या गोष्टीचा आनंद कधी घेतलाच नाही तिच्यासाठी लढायचं बळ कुठून येणार?

त्या बैठकीतल्या मुलीला मी खोटं उत्तर दिलं नाही. तिकडे भीती नसते असं मी म्हणाले नाही. मूळची पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीत एकटी सायकलवरून जगाची फेरी मारून आली. १५९ दिवस, सुमारे २९ हजार किलोमीटर. स्पेनमध्येच तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं होतं. हे मी मुलींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग तिला घरी नाही बोलावलं?" मी म्हणाले, ती पुढं गेली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "म्हणजे तिकडं काही झालं तरी सायकल बंद करत नाहीत."

एवढंच तर आहे सगळं! धोका जगभर आहे. धोका आला की कुणाला घरी बसवायचं, हा प्रश्न आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्याही गटांपुढं मी काही गोष्टी ठेवते. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. कोणता रस्ता आधी, हे ठरताना ट्रॅक्टरचा विचार होतो, उसाच्या गाडीचा होतो. मुलींच्या शाळेची वाट पहिल्या क्रमांकावर घ्या, असा ठराव महिला ग्रामसभेत मांडू या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, ती कागदावर होऊ द्यायची नाही. सायकलीच्या पैशांबरोबर हवा भरायचा पंप, पंक्चर काढायचं सामान आणि दोन दिवसांचं दुरुस्तीचं शिक्षण मिळावं, ही मागणी करू या. चेन उतरली म्हणून रस्त्यात थांबलेली मुलगी ही सगळ्यांत असहाय मुलगी. ज्या भागात सायकली वाटल्या गेल्या तिथं दोन वर्षांनी जाऊन मोजू या की त्या चालवतं कोण. आणि आयांना शिकवू या. मुलींची सायकल टिकते ती आई सायकलवर बसल्यावर.

आणि महिन्यातून एक रविवार. तो मागणीपत्रात घालता येणार नाही, त्यासाठी कुठल्या खात्याकडे जायचं नाही. तो आपला आपणच घ्यायचा आहे.

मैत्रिणीच्या पत्राला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. मुलींनी एक निरोप मात्र सांगून ठेवला आहे. इकडे आलीस की तुला कालव्यावर नेणार आहेत. खडी भरपूर आहे, शांतताही आहे. जाड टायरची सायकल नाही, पण काडी देतील.

ज्या मुलीचं लग्न झालं, ती दिवाळीला माहेरी आली होती. मी भेटायला गेले, तेव्हा अंगणात भावाची, म्हणजे तिचीच, सायकल उभी होती. तिनं हँडलवरचा दुधाचा कॅन काढून ओट्यावर ठेवला, घंटी एकदा वाजवून बघितली, आणि आत गेली. मी तिला काय म्हणायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर आपल्या गटात बोला, आणि मलाही कळवा.